शाळानिवड आणि जात

मुलाला कोणत्या शाळेत घालायचे हे ठरताना जात कुठे आणि कशी आड येते किंवा हात देते, याचा आढावा. अमेरिकेत हा प्रश्न वंशाच्या अंगाने अभ्यासला जातो. फिलाडेल्फियातील पालकांवरच्या १९९९ सालच्या निबंधात साल्वातोर सापोरितो आणि अ‍ॅनेट लारो यांनी दाखवले, की कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण जास्त असलेल्या शाळा गोरे पालक आधीच यादीतून काढतात आणि बाकीची चौकशी उरलेल्यांपुरती करतात. महाराष्ट्रात असे सरळ मोजमाप विरळा. इथली जात सापडते ती बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात, शिकवण्याच्या माध्यमात आणि शाळेच्या दाखल्यावर.

पूर्वपीठिका : १८५६ साली मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मागणी न्याय्य आहे हे सरकारने मान्य केले आणि प्रवेश मात्र नाकारला. एकासाठी शाळा बाकी साऱ्यांना निरुपयोगी होईल, हे कारण. पालक मुले काढून घेतील या धास्तीचा सरकारी कागदावरचा हा एक जुना उल्लेख. पुढे १८५८ मध्ये पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे जाहीर झाले. अस्पृश्य मुलांना दार बंद ठेवणाऱ्या खासगी शाळांचे अनुदान रोखण्याचा ठराव यायला १९२३ साल उजाडले.

सातारा : ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) इंग्रजी पहिलीत ‘भिवा’ या नावाने एका मुलाची नोंद झाली, रजिस्टरमधील क्रमांक १९१४. हे बाबासाहेब आंबेडकर. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बसायला घरून आणलेले गोणपाट आणि शिपाई असेल तरच पाणी, हा तिथला अनुभव त्यांनीच लिहून ठेवला आहे. वडील रामजी सुभेदारांकडे मात्र पालक म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले तेव्हा मुलगा आधी मराठा हायस्कुलात गेला आणि लवकरच वडिलांनी त्याला सरकारी एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. फळ्यामागे ठेवलेले मुलांचे डबे विटाळतील म्हणून आरडाओरडा झाला, तो याच शाळेत. तरीही मुलगा त्याच शाळेत राहिला.

बोर्डिंगे : शाळेच्या बाकापेक्षा पालकांना पंगतीची धास्ती मोठी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी जातवार आणि धर्मवार वसतिगृहे उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्यामागचा व्यवहार सोपा होता : आपल्या जातीची चूल असेल तर खेड्यातला बाप पोराला शहरात पाठवतो. याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांना, मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावरून जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एका चुलीचे बोर्डिंग चालवले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. शाहूंच्या नावाचे हे घर शाहूंच्या जातवार वाटेने गेले नाही. दोघांनाही त्यावरून दोष देण्याचे कारण नाही. मधल्या पंचवीस वर्षांत पालक थोडा हलला होता.

दादर : महानगरी हायस्कुलांची निवड आणि जात यांवरचा बारकाईचा अभ्यास मराठी माणसांवरच झाला आहे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादर भागातील २९ पैकी २८ शाळांच्या आधारे सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांची पाहणी केली. १९८२ ते २००१ या काळात शाळेत दाखल झालेली मुले तीत होती. निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वदीत इंग्रजी येणाऱ्याचा पगार झपाट्याने वाढला, पण खालच्या मानलेल्या जातींतील मुलगे मोठ्या संख्येने मराठी माध्यमातच राहिले. त्याच घरांतल्या मुली मात्र इंग्रजी शाळेत जाऊ लागल्या. मुलाला चुलत्या-मामाच्या ओळखीने कामगाराची नोकरी लागण्याची वाट होती, ती वाट जातीतूनच जाई. मुलीसाठी असा कोणी नव्हता, म्हणून ती मोकळी सुटली. शिवाशिवीपलीकडे, उपजीविकेचा आधार म्हणून जात शाळा ठरवते, हा या अभ्यासाचा नेमका मुद्दा आणि या नोंदीत त्याला जास्त जागा देण्याचे कारण.

आटपाडी : माणदेशातील हे गाव पूर्वी औंध संस्थानात, आता सांगली जिल्ह्यात. शंकरराव खरात (१९२१–२००१) इथल्याच महारवाड्यातले. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात त्यांनी आपले बालपण आणि शिक्षण सांगितले आहे. याच माणदेशातल्या, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीतील मास्तरला मेंढरांमागे जाणारी धनगरांची पोरे वर्गात बसवण्यापासून सुरुवात करावी लागते. निवडीचा प्रश्न त्याच्या बराच पुढचा. आज राज्य सरकार धनगर विद्यार्थ्यांना शहरांतील नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत प्रवेश देण्याची योजना चालवते. जातीचा दाखला इथे शहरातल्या शाळेचे तिकीट होतो. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातील गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी गाळतात. तिकडे जम बसलेला पाहुणा गावाकडच्या पोराला बोलावून घेतो. दादरचा निष्कर्ष इथे कुणाला नवलाचा वाटू नये.

दाखला : शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जातीचा रकाना पुढे जात पडताळणीत पुरावा ठरतो. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि इतर मागासांसाठी १९६७ पूर्वीच्या नोंदींना वजन असते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरेही बाहेर निघाली.

संस्थाचालकांची जात : चर्चा भरपूर, लेखी आधार कमी.

कायदा : २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या, अनुसूचित जाती-जमातींना त्यात उत्पन्नाची अट नाही. अल्पसंख्याक संस्था या तरतुदीबाहेर आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ही तरतूद आठवीपर्यंतच चालते. नववीला हायस्कूलची फी पालकाच्या खिशातून जाते.