खणखणीत रुपया

जयपूरहून सीकरकडे निघाले म्हणजे सुमारे तीस किलोमीटरांवर चौमूं लागते. नाथावत कछवाह ठाकुरांच्या जहागिरीचे हे जुने गाव. गेल्या धनत्रयोदशीस येथील एका पेढीवर मी लक्ष्मीची छाप असलेले दहा ग्रॅमचे चांदीचे नाणे घेतले. वृद्ध सराफाने काही न बोलता ते दगडी फरशीवर टाकले, त्याचा नाद मला ऐकवला आणि मग पावती लिहिली. त्या नादामागे मोठा इतिहास आहे.

अठराव्या शतकात रुपया एक नव्हता. सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसविले. तेथील टांकसाळीचा रुपया त्यावरील पालवीच्या चिन्हावरून ‘झाडशाही’ म्हणून ओळखला जाई. आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी प्रकार होते. हातोड्याने ठोकलेल्या या नाण्यांवर अक्षरे पुरती उमटत नसत. काठ साधा असल्याने चांदी कातरून घेतली तरी चटकन कळत नसे. म्हणून सराफ नाणे तोली, वाजवून पाही, कसोटीवर घाशी. संशय आलाच तर टोचा मारून मुलाम्याखाली तांबे आहे की काय, हे पाही. जुन्या रुपयांवर दिसणारे बारीक घाव व ठसे हे या परीक्षेचेच साक्षीदार होत. झिजलेल्या वा परमुलखी रुपयावर बट्टा कापला जाई. ‘खणखणीत नाणे’, ‘कसास लागणे’, ‘नावाला बट्टा’ हे आपले शब्दप्रयोग याच व्यवहारातून आले.

ही पारख करणारा महाराष्ट्रातील माणूस म्हणजे पोतदार. गावचा वसूल भरताना नाणी पारखण्याचे काम बहुधा सोनाराकडे असे आणि तोच पोतदार म्हणवी. चौमूंवरून पुढे शेखावाटीत गेले की ‘पोद्दार’ भेटतात. दोन्ही आडनावांचे मूळ फारसी ‘फोतदार’, म्हणजे खजिना सांभाळणारा. रुपये निरनिराळे, पण त्यांचा भरवसा दोन्हीकडे एका माणसाच्या शब्दावर होता.

१८३५ च्या कायद्याने हे बदलू लागले. कंपनीचा एकसारखा रुपया आला: वजन १८० ग्रेन, बारा हिश्श्यांपैकी अकरा हिस्से चांदी. खोटे रुपये नाहीसे झाले नाहीत. परंतु नाण्याच्या कसाची हमी आता सरकारची झाली. जयपूरची टांकसाळ चालूच राहिली. १८५७ नंतर तिच्या रुपयावर मोगल बादशहाऐवजी राणी व्हिक्टोरियाचे नाव आले. पुढे १९४० साली सरकारी रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. चांदीच्या कसाला सरकारने दिलेली ती हमी, म्हणजे, जेमतेम शतकभर टिकली.

आजचे लक्ष्मीछाप नाणे हे चलन नव्हे. आपण पुन्हा पोतदाराच्या दारी उभे आहोत, आणि बदलीच्या नोकरीत आपला पोतदार मागे राहतो. चौमूंची पावती गुवाहाटीच्या सराफास काय सांगणार? तेव्हा थोडी पारख आपणच शिकावी. लोहचुंबकाला नाणे चिकटले तर ते चांदीचे नव्हे. न चिकटले तरी तेवढ्याने चांदी ठरत नाही, कारण तांबे व शिसेही चिकटत नाही. शुद्ध चांदीचे दहा ग्रॅमचे नाणे दोऱ्याने पाण्यात टांगून तोलले तर सुमारे ०.९५ ग्रॅम कमी भरते, तांब्याचे १.१२ ग्रॅम, शिशाचे ०.८८ ग्रॅम. मात्र तांबे व शिसे योग्य प्रमाणात मिसळणारा लबाड या तराजूलाही फसवू शकतो. अशा वेळी नाद, कसोटी आणि सराफाचा अनुभवी डोळा यांची मदत होते.

घरी येऊन मी नाणे पाण्यात तोलले. वजन बरोबर उतरले. तरीही पावती मात्र जपून ठेवली आहे.