सोलापूर जिल्हा क्रिकेट

सोलापूर जिल्ह्यातील क्लब व जिल्हा संघ पातळीवरचे लेदर चेंडूचे क्रिकेट. महाराष्ट्र राज्यात रणजी संघ तीन आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. सोलापूर तिसऱ्याच्या क्षेत्रात येते. जिल्हा संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेशी संलग्न आहे. क्लबात चमकलेला खेळाडू जिल्हा संघात येतो आणि जिल्हा संघ राज्य संघटनेच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत उतरतो. तिथे गाठ पडते पीवायसी हिंदू जिमखाना, डेक्कन जिमखाना यांसारख्या पुण्याच्या जुन्या क्लबांशी. राज्य निवड समितीच्या नजरेत भरायचे, तर इथल्या धावा आणि बळी मोजले जातात. गर्दी मात्र जमते टेनिस चेंडूच्या, पुढाऱ्यांच्या नावाने भरणाऱ्या चषकांना.

शहरातील मुख्य मैदान इंदिरा गांधी स्टेडियम. सोलापूरकर त्याला पार्क मैदानच म्हणतात. स्मार्ट सिटी योजनेतून त्याचे नूतनीकरण झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना तिथे झाला.

जिल्ह्याने मोठे खेळाडू दिले. त्यांचे नाव मात्र बहुधा परक्या संघातून झाले. पॉली (पहलन रतनजी) उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात झाला. शाळकरी वयातच कुटुंब मुंबईला गेले, त्यामुळे त्यांच्या जडणघडणीचे श्रेय सोलापूरच्या मैदानांना देता येत नाही. ५९ कसोटींत ३,६३१ धावा आणि १२ शतके ही त्यांची कमाई. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध काढलेल्या २२३ धावा हे भारताचे पहिले कसोटी द्विशतक होय. यष्टिरक्षक अनघा देशपांडे यांचे जन्मगावही सोलापूर.

किरण नवगिरे जिल्ह्यातील मिरे गावच्या. मैदानी खेळांकडून त्या क्रिकेटकडे वळल्या. २०२२ च्या राष्ट्रीय महिला टी-२० स्पर्धेत अरुणाचल प्रदेशविरुद्ध त्यांनी ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा फटकावल्या, त्या नागालँडकडून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतीय संघाचे दार उघडले. पुढे महिला प्रीमियर लीगमध्ये कुणी पुरस्कर्ता नसलेल्या बॅटवर धोनीच्या नावाची आद्याक्षरे लिहून त्यांनी अर्धशतक काढले, आणि ती बॅट धावांहून अधिक गाजली.

२००५ मध्ये सोलापुरात जन्मलेला अर्शिन कुलकर्णी अष्टपैलू आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये त्याने पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार होते. २०२४ च्या युवा विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध त्याने शतक काढले. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या त्या पहिल्या हंगामात सोलापूर रॉयल्स नावाचा संघही होता. अर्शिन खेळला तो ईगल नाशिक टायटन्सकडून.