आधी बारावं, मग बारसं

तुम्ही हे ज्या मोबाइलवर वाचताय, त्याच्यापेक्षाही हा मासा लहान. पूर्ण वाढ झाली तरी जेमतेम 7 ते 14 सेंटिमीटर. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, डोंगरांमध्ये मिलर लेक नावाचं तळं आहे, तिथे तो राहायचा. त्याला संपवण्यासाठी 1958 साली सरकारी खात्याने अख्ख्या तळ्यात विष ओतलं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते त्यानंतर 15 वर्षांनी. म्हणजे आधी बारावं झालं, मग बारसं.

हा मासा लॅम्प्रे कुळातला. लॅम्प्रेला जबडा नसतो, हाडं नसतात, खवलेही नसतात. दिसतो वामसारखा, पण वामशी त्याचं जवळचं नातं नाही. तोंड म्हणजे दातेरी गोल चकती. दक्षिण आफ्रिकेत सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीच्या लॅम्प्रेचा जीवाश्म सापडलाय. डायनासोर यायच्या कितीतरी आधीपासून हे घराणं पाण्यात नांदतंय.

लॅम्प्रेचं बहुतेक आयुष्य मात्र अगदी गरिबीत जातं. त्याची आंधळी पिल्लं वर्षानुवर्षं चिखलात रुतून बसतात आणि पाण्यातले बारीक कण गाळून खातात. मग डोळे फुटतात, दात येतात. मिलर लेकचा लॅम्प्रे यानंतर थोडा काळ दुसऱ्या माशांना चिकटून त्यांचं मांस कुरतडायचा, अंडी घालायचा आणि मरायचा. तळ्यातल्या चब माशांबरोबर त्याचं हे असंच चाललं होतं. परोपजीवी झाला, तरी ज्याच्यावर जगतो त्याचा निर्वंश करणं त्याला परवडत नाही.

माणसाने तळ्यात ट्राउट सोडले आणि हिशोब बदलला. ट्राउट म्हणजे गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचा लाडका मासा. त्याच्या अंगावर लॅम्प्रेच्या चाव्याचे व्रण दिसू लागले, तसा तळ्याचा मूळ रहिवासी उपद्रवी ठरला. सप्टेंबर 1958 मध्ये तळ्यात टॉक्साफीन टाकलं गेलं. हे खरं तर शेतातलं कीटकनाशक. लॅम्प्रे कोण आणि चब कोण, हे विषाला कळत नाही. वर, लॅम्प्रे पुन्हा तळ्यात शिरू नयेत म्हणून मिलर क्रीक या ओढ्यात अडथळाही बांधला गेला.

पुढे कार्ल बाँड आणि टिंग कान या दोन संशोधकांनी जपून ठेवलेले नमुने तपासले. ही वेगळीच प्रजात निघाली, आणि जगातल्या परोपजीवी लॅम्प्रेंमध्ये सगळ्यांत लहान. 1973 मध्ये त्यांनी तिचं नाव ठेवलं 'मिनिमा', म्हणजे सर्वांत छोटी. ज्या शोधनिबंधात तिची जगाला ओळख झाली, त्यातच ती नामशेष झाल्याची नोंदही होती. आपण नेमकं काय मारतोय, हे मारणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

गोष्ट इथेच संपली असती. पण 1992 मध्ये त्याच परिसरातल्या विल्यमसन नदीच्या वरच्या भागात काही छोटे लॅम्प्रे सापडले. तपासणी झाली, आणि 2000 साली संशोधकांनी जाहीर केलं की ही तीच 'मिनिमा' आहे. तळ्याबाहेरही तिची वस्ती होती. तिथे कोणी पाहिलंच नव्हतं.

मग ओरेगनच्या त्याच खात्याच्या वारसदारांनी, म्हणजे आजच्या मासे आणि वन्यजीव विभागाने, संवर्धनाची योजना आखली. 2005 मध्ये ओढ्यातला अडथळा काढून टाकला. पुढे नदीतले लॅम्प्रे आणून ओढ्यात सोडले, आणि काही वर्षांनी ते तळ्यातही दिसले. टॉक्साफीनचं काय झालं? अमेरिकेत 1990 पर्यंत त्याच्यावर पूर्ण बंदी आली आणि 2001 च्या स्टॉकहोम कराराने जगभरात ज्या 12 घातक रसायनांना हद्दपार करायचं ठरवलं, त्यांत त्याचंही नाव होतं.

'मिनिमा' वाचली ती कोणाच्या शहाणपणामुळे नाही, तर विष नदीच्या त्या टोकापर्यंत पोचलं नाही म्हणून. प्रत्येक माशाला अशी दुसरी नदी मिळत नाही. कुठल्याही जिवाला 'बिनकामाचा' म्हणण्याआधी निदान त्याचं नाव तरी विचारून घ्यावं.