वैद्यकीय अ‍ॅक्युपंक्चर : कार्यपद्धती, उपयोग आणि मर्यादा

वैद्यकीय अ‍ॅक्युपंक्चरमध्ये अतिशय बारीक, निर्जंतुक सुया त्वचेतून स्नायूंपर्यंत टोचतात. पारंपरिक चिनी वैद्यक या उपचाराचा संबंध ‘ची’ नामक जीवनशक्तीशी जोडते. आधुनिक वैद्यक तो मज्जासंस्थेशी जोडते. सुईमुळे संवेदी मज्जातंतू उद्दीपित होतात, मज्जारज्जूत वेदनेचे संदेश क्षीण होतात आणि मेंदूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात.

शस्त्रक्रिया व केमोथेरपीनंतरची मळमळ कमी करण्यासाठी मनगटाजवळच्या ‘पी-६’ बिंदूचा वापर होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये दीर्घकालीन तणावजन्य डोकेदुखी टाळण्यासाठी ५ ते ८ आठवड्यांत कमाल १० सत्रांचा पर्याय सुचवला. कंबरदुखीसाठी मात्र २०१६ मध्ये याच संस्थेने शिफारस नाकारली. कारण खऱ्या आणि लटक्या सुईउपचारांच्या परिणामांत फारसा फरक आढळला नव्हता.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राचा यासंबंधीचा कायदा २०१५ चा आहे.

छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी उपचारकाला तसे आधीच सांगावे. वेदनेचे निदान होण्यापूर्वी हा उपचार सुरू केल्यास मूळ आजार झाकला जाण्याचा धोका असतो.