सोळा नावांची एक बाई

'भूलभुलैया' आल्यापासून एका माणसात दोन-तीन माणसं राहू शकतात, हे आपल्याकडे जणू सिद्ध झालेलं विज्ञान आहे. पण या निदानाचा इतिहास जरा बघा.

१९७३ साली अमेरिकेत फ्लोरा श्रायबर या पत्रकार बाईंचं 'सिबिल' हे पुस्तक आलं. डॉ. कॉर्नेलिया विल्बर यांच्या एका रुग्ण स्त्रीत म्हणे सोळा व्यक्तिमत्त्वं होती, आणि मूळ कारण काय, तर लहानपणी आईने केलेला छळ. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. १९७६ मध्ये टीव्हीवर चित्रपट आला. १९८० मध्ये हा विकार अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत बसला. तोवर वैद्यकीय नोंदींमध्ये मोजके रुग्ण होते, पुढच्या दहा वर्षांत ते हजारांवर गेले. साथ आल्यासारखे!

आणि खरी सिबिल? शर्ली मेसन. तिने १९५८ मध्येच डॉक्टरीणबाईंना पत्र लिहून कळवलं होतं की, माझ्यात अशी वेगवेगळी माणसं नाहीत, ते सगळं खोटं होतं. विल्बरबाईंनी अर्थ काढला की रुग्ण उपचार टाळतेय! तिला संमोहित करून तपासणाऱ्या डॉ. हर्बर्ट स्पीगल यांचं मत वेगळं होतं. ही बाई सूचनेला पटकन बळी पडते, आणि विल्बरबाईंना हवी असते तेव्हा ती 'हेलन' होते, असं त्यांनी पुढे सांगितलं.

आपल्याला हे नवीन नाही. अंगात आलेल्या बाईला दहा जणांनी घेरून "कोण तू? नाव सांग" विचारलं की नाव येतंच. तिथे भगत असतो, इथे डॉक्टर होते, एवढंच.

याची किंमत रुग्णांनी मोजली. शिकागोत एका बाईला तुझ्यात शेकडो व्यक्तिमत्त्वं आहेत, तू सैतानी पंथात होतीस, असं उपचारातच पटवलं गेलं. १९९७ मध्ये त्या प्रकरणात १ कोटी ६ लाख डॉलरवर तडजोड झाली.

१९९४ मध्ये विकाराचं नाव बदललं, पण तो यादीत अजून आहे आणि तज्ज्ञांचा वादही चालूच आहे. शंका घेतली म्हणजे रुग्णाला ढोंगी ठरवलं असं होत नाही. शर्लीचा त्रास खराच होता. प्रश्न इतकाच, की ती स्वतःच "हे खोटं आहे" म्हणाली, तेव्हा तिचं ऐकलं कोणी?