एका फाइलची तीन बारशी

पहिल्या नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात मी एक वेबसाइट पाऊण तास बंद पाडली होती. कारण? एक शब्द.

झालं असं, की सेटिंग्जची एक फाइल मी चुकून 'गिट ॲड' केली होती. तिच्यातला बदल कमिटमध्ये जायला नको होता, एवढंच. महिन्याभरापूर्वी घरी नवा प्रोजेक्ट सुरू केला तेव्हा 'अनस्टेज करायचं तर गिट आरएम --कॅश्ड वापरा' असं खुद्द गिटनेच सुचवलं होतं. तेच इथे ठोकलं. आणि कॅश काय, ब्राउझरची आपण येताजाता उडवतो! माझ्या मशीनवर फाइल जागच्या जागी होती, म्हणून निर्धास्तपणे कमिट केलं. सर्व्हरवर पुल झालं आणि तिथली फाइल गायब!

एकही कमिट नसलेल्या प्रोजेक्टात ही कमांड फाइल नुसती बाजूला काढते. जुन्या प्रोजेक्टात मात्र तिचा अर्थ 'पुढच्या कमिटपासून ही फाइल नाही' असा होतो.

"मॅन्युअल वाचत जा रे," सीनियर म्हणाला. वाचलं की! मॅन्युअलमध्ये 'इंडेक्स', स्क्रीनवर 'अनस्टेज', ऑप्शन 'कॅश्ड'. मग त्या वीकेंडला जरा मागे जाऊन खणलं.

गिट जन्मलं एप्रिल २००५ मध्ये. लिनस टोरवाल्ड्सच्या अगदी पहिल्या रीडमीतच घोळ आहे. गोष्टीचं नाव 'डिरेक्टरी कॅश', आणि तिच्याच फाइलचं नाव 'इंडेक्स'! तेव्हा 'कॅश' हे नाव चुकीचं नव्हतं. फाइलींचे आकार, वेळा वगैरे तिथे टिपून ठेवायच्या, म्हणजे काय बदललं ते झटकन कळतं. हरवलीच तर जुन्या ट्रीवरून पुन्हा बनवता येते. पण पुढचं कमिटही त्याच जागी तयार होतं, आणि रोजच्या कामात लोकांना दिसतं ते हेच.

सप्टेंबर २००५ मध्ये बऱ्याच कमांडची नावं बदलली. 'अपडेट-कॅश'चं 'अपडेट-इंडेक्स' झालं. गिटच्या शब्दसूचीत आज 'कॅश' हा शब्द कालबाह्य म्हणून नोंदलेला आहे. पण ऑप्शनमध्ये तो राहिलाच, कारण तोवर लोकांच्या स्क्रिप्ट त्यावर चालत होत्या. २००८ च्या शेवटी 'डिफ'ला '--स्टेज्ड' हा दुसरा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०१९ मध्ये 'रिस्टोर --स्टेज्ड' आलं. 'आरएम' अजून '--कॅश्ड'वरच आहे. आणि 'गिट अप्लाय'मध्ये तर कहरच! '--इंडेक्स' आणि '--कॅश्ड' दोन्ही आहेत, आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. पहिला तुमच्या फाइली आणि इंडेक्स दोन्ही बदलतो, दुसरा फक्त इंडेक्स.

जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत, हे मला पटतं. माझ्याही काही आहेत! पण ज्यांना जुना इतिहास माहीत आहे त्यांना या नावांचा त्रास होत नाही. तो होतो नुकत्याच जॉइन झालेल्या पोराला, आणि वर त्यालाच वाटतं की आपणच मठ्ठ.

म्हणून टीममध्ये कुणी नवीन आलं की कमांड शिकवण्याआधी मी एवढंच सांगतो: इंडेक्स, कॅश, स्टेजिंग, सगळं एकच आहे. आणि 'आरएम' टाकण्याआधी मला हाक मार!