जीप टिकली ती गॅरेजात

चाळीस-पन्नास वर्षांची जीप अजून चढावर धावताना दिसली की तिच्या जाड पत्र्याचे आणि मजबूत चासीचे कौतुक होते. ते कौतुक खरे असले तरी अपुरे आहे, कारण अशा गाडीत कारखान्यातून बाहेर पडतानाचे फार थोडे उरलेले असते. इंजिन बहुधा दुसरे असते, गिअरबॉक्स नंतरच्या मॉडेलचा असतो, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आलेला असतो, पाटे एकदा तरी नव्याने बांधलेले असतात आणि ब्रेकची सारी जुळणी बदललेली असते. टिकली ती चासी, मांडणी आणि ओळख. बाकी गाडी मालकाने आणि मिस्त्रीने पुन्हा पुन्हा घडवली. म्हणून भारतातल्या जीपचा इतिहास केवळ महिंद्र कंपनीचा इतिहास म्हणून लिहिला तर तो अर्धाच राहतो. तिचे आयुष्य एवढे लांबले ते तिचे भाग एकमेकांच्या जागी बसत म्हणून, आणि ते कसे बसवायचे याचे ज्ञान कारखान्याबाहेर वाढत गेले म्हणून.

या गुणाचे मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बनवल्या. आघाडीवर बंद पडलेल्या एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावता आला पाहिजे, मग ती कोणत्याही कंपनीची असो, ही लष्कराची अट होती. १९४५ साली महिंद्र आणि मोहम्मद या नावाने पोलादाचा व्यापार सुरू करणाऱ्या मंडळींनी काही वर्षांतच विलिसची जीप भारतात जोडायला सुरुवात केली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले. पुढे उंच बॉनेटचे सीजे-३बी हे मॉडेल इथे स्थिरावले. अमेरिकेत ते १९६८ पर्यंतच चालले. आपल्याकडे त्याचा वंश त्यानंतर कित्येक दशके सुरू राहिला. एकच मांडणी इतका काळ न बदलण्याला मागासलेपण म्हणता येईल, पण दुरुस्ती करणाऱ्यासाठी तीच सर्वांत मोठी सोय ठरली. विसाव्या वर्षी शिकलेले काम पन्नासाव्या वर्षीही उपयोगी पडेल अशी यंत्रे फार थोडी असतात.

या ज्ञानाची खरी परीक्षा डिझेलने घेतली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जीपचे मूळ २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन शेतकऱ्याला, ठेकेदाराला परवडेनासे झाले. खुद्द महिंद्रने ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आधार घेतला. इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत १९६३ मध्ये स्थापन झालेली ट्रॅक्टर कंपनी घरचीच होती आणि तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरचे इंजिन जीपला लागू पडले. गावोगावच्या गॅरेजांनीही जुन्या पेट्रोल जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवायला घेतले. हे काम चार बोल्ट सोडून चार बोल्ट आवळण्याचे नव्हते. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत पळे; ट्रॅक्टरच्या वळणाचे डिझेल इंजिन त्याच्या बऱ्याच खाली काम करणारे. सीजे-३बीच्या डिफरन्शियलचा रेशो ५.३८. मूळच्या ६.००-१६ टायरवर ढोबळ हिशेब केला, तर २५०० फेऱ्यांना गाडी ताशी जेमतेम ६२ किलोमीटर जाते. क्राउन-पिनियन ४.२७ चे घातले की त्याच फेऱ्यांना वेग ७८ पर्यंत पोहोचतो. पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा, नाहीतर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांविरुद्ध झगडतात आणि ट्रान्सफर केस खाऊन टाकतात. म्हणजे एका इंजिनापायी दोन डिफरन्शियल उघडावी लागतात. डिझेल इंजिन वजनदार, म्हणून पुढचे पाटे बदलावे लागतात. त्याची थरथर जास्त, म्हणून इंजिनाचे माउंटिंग नव्याने वेल्ड करावे लागते. एका बदलामागून येणारी ही साखळी आधीच ओळखणे म्हणजेच अभियांत्रिकी, मग ती कागदावर मांडलेली असो वा नसो.

ब्रेकच्या बाबतीत हीच साखळी आणखी स्पष्ट दिसते. जुन्या जीपचे ड्रम लहान आणि ब्रेकची ओळ एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढे बूस्टर लावायचा म्हटले तर त्याला हवेचा दाब कमी केलेली पोकळी लागते. पेट्रोल इंजिन हवा ओढताना ती आपोआप तयार होते, डिझेलमध्ये होत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो आणि आपल्याकडच्या अनेक डिझेल इंजिनांवर तो अल्टरनेटरच्या पाठीशीच बसवलेला असतो. डायनामो काढून असा अल्टरनेटर लावला की रात्री दिवे नीट लागतात आणि ब्रेकलाही जोर येतो. कुर्ल्याच्या किंवा पुण्यातल्या नाना पेठेच्या स्पेअर पार्टच्या बाजारात असे जोड कळत जातात: कोणत्या मॉडेलचा कोणता भाग कशावर बसतो, कुठे लेथवर बुश काढून घ्यावा लागतो, कुठे काहीच करावे लागत नाही. १९८० च्या दशकात महिंद्रने पूजोच्या सहकार्याने २११२ सीसीचे एक्सडीपी इंजिन आणले, नंतर पाच गिअरचे गिअरबॉक्स आले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, पॉवर स्टिअरिंग आले. यातली प्रत्येक सुधारणा काही वर्षांतच जुन्या जीपमध्ये उतरत गेली. कंपनी नवे मॉडेल काढत होती आणि गॅरेज त्या मॉडेलचा फायदा आदल्या पिढीपर्यंत पोहोचवत होते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे टंचाईचे अपत्य आहे. परवाना, परकीय चलनाची चणचण आणि मोजकीच मॉडेल अशा काळात माणसे दुसरे काय करणार? नाइलाजाला कौशल्याचे नाव देऊ नये. या म्हणण्यात तथ्य आहे. सुरुवात टंचाईतूनच झाली. पण टंचाई हेच एकमेव कारण असते तर १९९१ नंतर बाजार खुला होताच ही कला संपायला हवी होती. घडले उलटेच. नव्या गाड्यांचा ओघ वाढला, तसे जुन्या जीपसाठी अधिक चांगले भाग मिळू लागले आणि पैशाची अडचण नसलेले लोकही जुनी गाडी हाताने सुधारण्यात रस घेऊ लागले. शिवाय टंचाई तेव्हाच्या इतर गाड्यांनाही होती; तरी प्रत्येकीभोवती इतके मोठे ज्ञान उभे राहिले नाही. उघडी चासी, सहज हात पोचेल असे इंजिन आणि पिढ्यान्‌पिढ्या जुळणारी मापे जिथे होती तिथेच ते वाढले. टंचाईने गरज निर्माण केली. ती भागवण्याची वाट यंत्राच्या रचनेने दिली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सुरक्षिततेचा. इथे या इतिहासाची काळी बाजू लपवून चालणार नाही. मालकाचे पैसे आधी इंधन वाचवण्यात गेले, मग जास्त भार वाहण्यात, आणि ब्रेकची पाळी बहुधा शेवटी आली. पश्चिम महाराष्ट्रातले वडाप आणि मराठवाडा-विदर्भातली काळी-पिवळी या प्रवासी जीपगाड्यांनी एसटी न पोचणाऱ्या गावांना बाजार, शाळा आणि दवाखाना जोडून दिला. त्याच गाड्यांत जादा पाटा घालून, मागची बाके लांबवून क्षमतेच्या कितीतरी जास्त माणसे बसवली गेली. जादा पाट्याने गाडी खाली बसत नाही, पण ब्रेकवर आणि चासीवर पडणारा भार तेवढाच राहतो. त्याची किंमत प्रवाशांनी मोजली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, त्यामागे हीच काळजी आहे. चासी कापणे, अनोळखी इंजिन बसवणे, बैठक वाढवणे यांना मोकळीक नको हे मान्यच करायला हवे. मात्र यातून घरची देखभाल आणि सुधारणा हीच धोकादायक, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. धोका झाला तो साखळी अर्धवट सोडल्याने: इंजिन वाढवले आणि ब्रेक तसाच ठेवला, भार वाढवला आणि अ‍ॅक्सल विसरला. आणि हे ओळखणारी नजर अशाच कामातून तयार होते. किंगपिनचा खेळ तपासणारा, ब्रेकची नळी वेळेत बदलणारा मालक रस्त्यावरच्या इतरांनाही सुरक्षित ठेवत असतो.

हा इतिहास आज महत्त्वाचा आहे, कारण ती उघडी रचना आता संपत चालली आहे. नव्या एसयूव्हीत सेन्सर आणि संगणक आहेत. त्यांनी धूर कमी केला, अपघातात जीव वाचवले, आणि तो लाभ सोडून मागे जाण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की दोष कुठे आहे हे वाचण्याचे साधन, वायरिंगचे नकाशे आणि सुटे भाग केवळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपुरते राहणार, की तालुक्याच्या गॅरेजपर्यंतही पोचणार. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटार क्षेत्राचा समावेश केला, ही योग्य दिशा आहे. तिला जीपच्या इतिहासाचा भक्कम आधार आहे. युद्धकाळात लष्कराने भाग एकसारखे असावेत अशी अट घातली, म्हणून पुढे खेड्यातल्या मिस्त्रीला तिच्यावर हात चालवता आला. दुरुस्तीयोग्यता आपोआप येत नाही; कुणीतरी ती अट म्हणून घालावी लागते. तेव्हा ती सैन्याने घातली. आता ती ग्राहकाने आणि कायद्याने घालायला हवी, आणि तिच्याच जोडीला ब्रेक, दिवे, स्टिअरिंग यांतल्या चांगल्या सुधारणांना तपासणी करून मान्यता देणारी सोपी व्यवस्थाही हवी. तसे झाले तर गॅरेजातले ज्ञान कायद्याच्या कक्षेत राहून वाढेल, आणि आजची गाडीही तीस वर्षांनी कुणाला तरी समजून घेता येईल, सुधारता येईल.